घरातली नोकरी सुटते तेव्हा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात युनियनचे काम करताना कामगारांचे निवृत्तीचे समारंभ मी पुष्कळ पाहिले. शाल-श्रीफळ, दोन भाषणे, हिशेबाचा चेक. पण एक निवृत्ती अशी आहे, की तिला यातले काहीच नाही. पार्किन्सन झालेल्या पतीची किंवा पत्नीची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या माणसाला, रुग्ण गेला त्या दिवशी ही निवृत्ती मिळते.

आधी ते काम कसले असते ते पाहू. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टराने 1817 साली या रोगाचे वर्णन केले; आपले वैद्य त्याला कंपवात म्हणतात. लोकांना दिसतो तो हाताचा कंप. घरच्यांना छळतो तो ताठरपणा आणि मंदपणा. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपाची गोळी ती उणीव काही तास भरून काढते, रोग बरा करीत नाही. रोग जुना झाला की गोळीचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ती दिवसातून पाच-सहा वेळा घड्याळावर द्यावी लागते. डाळ-दुधाच्या जेवणाबरोबर दिली तर काहींना ती नीट लागू पडत नाही. शिवाय शर्टाची बटणे, लहान लहान घास, रात्री कूस बदलून देणे. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने 1890 साली रविवारची सुटी मिळवून दिली. या कामाला ती अजून मिळालेली नाही. आपल्याकडे तर मुलगा-सून पहाटेच्या लोकलने जातात आणि रात्री परततात. मधले सारे तास दोघेच.

आणि एके दिवशी काम संपते. अंबरनाथच्या एका बाई मला म्हणाल्या, “भाऊ, सहा महिने झाले, तरी रात्री दोनला जाग येते. हात कूस वळवायला जातो.” शेजारपाजारचे म्हणतात, “सुटलात बाई!” हा शब्द लागतो, कारण तो थोडासा खराही असतो. माझे मत स्पष्ट आहे: ओझे उतरल्यावर पाठ सरळ होते, त्यात पाप नाही, आणि दुःखाबरोबर सुटकाही वाटली तर त्याचा जाब कोणी मागू नये.

मात्र त्याच पाठीचे दुखणे आता वर येते. पुढे ढकललेले मोतीबिंदूचे ऑपरेशन, कधी न मोजलेला रक्तदाब हेही येतात. तेव्हा पहिली तपासणी स्वतःची.

मग पैसा. 1995 च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत सभासदाच्या मृत्यूनंतर जोडीदाराला पेन्शन मिळते. त्यासाठी 10-डी हा फॉर्म भरावा लागतो. पत्नी कारखान्यात होती तर विधुर पतीलाही हा हक्क आहे, हे पुरुषांना सहसा ठाऊक नसते. निवृत्त कामगार नाममात्र वर्गणी भरून राज्य विमा दवाखान्याचा लाभ घेत असेल, तर पुढे त्याच्या जोडीदारालाही वर्गणी भरून तो चालू ठेवता येतो. याची चौकशी लवकर करावी.

सर्वांत अवघड गोष्ट माणसांची. औषधवाला, व्यायाम शिकवणारा, समाचाराला येणारे, सगळे एकाच दिवशी यायचे थांबतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी. तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र जमतात. “आता मी तिथे कशाला जाऊ?” असे त्या बाईंनी विचारले. पाय जमिनीला चिकटल्यासारखा झालेल्या माणसाला ओढायचे नसते, त्याच्यापुढे जमिनीवर रेघ दाखवायची किंवा एक-दोन मोजत पाऊल टाकायला लावायचे, हे त्या अनुभवाने शिकल्या आहेत. आमच्या भाषेत त्या कुशल कामगार आहेत. नुकत्याच या कामाला लागलेल्या घराला त्यांची गरज आहे. पण त्या रोगाचे नावही पुन्हा नको, असे कोणाला वाटले तर तोही हक्क मानावा. आणि ज्या जातील त्यांनी आठवड्याला एकच दिवस जावे.

माळ्यावर पडलेला वॉकर आणि कमोडची खुर्ची तेवढी खाली काढा. आपल्या वाचनालयांनी आणि युनियनच्या कचेऱ्यांनी अशा वस्तूंची नोंदवही ठेवली, तर पुस्तकासारख्या त्या घरोघर फिरू शकतील.