देवीचा कोप की विषाणूची युक्ती?

आपल्या आजी-आजोबांच्या काळी अंगावर फोड येऊन ताप चढला की ‘देवी आल्या’ असे म्हणत आणि कोप शांत व्हावा म्हणून नवस बोलत. कारण मात्र कोप नव्हते, विषाणू होते. १७९६ साली एडवर्ड जेन्नर यांनी लसीची वाट दाखवली. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले.

रोग गेला, पण एक प्रश्न उरला. असले विषाणू शरीराचा पहारा चुकवतात कसे? ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री स्मिथ यांनी या प्रश्नाला तीसहून अधिक वर्षे वाहिली. १९८१ साली लंडनला पीएच.डी. पूर्ण करून ते अमेरिकेत बर्नार्ड मॉस यांच्या प्रयोगशाळेत गेले. देवीच्या लसीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू तेथे त्यांच्या अभ्यासाचा विषय झाला. पुढे केंब्रिज, ऑक्सफर्ड, लंडनचे इंपीरियल कॉलेज आणि २०११ साली पुन्हा केंब्रिज अशी स्थळे बदलली. विषाणू तोच राहिला.

जंतू शिरला की आपल्या पेशी इंटरल्युकिन-१ नावाचे प्रथिन निरोप्यासारखे सोडतात. ते दुसऱ्या पेशीवरील ग्राहक-प्रथिनाला चिकटते, आत संदेश जातो; मग सूज येते, ताप चढतो. यालाच दाह म्हणतात. आम्ही बँकेतली माणसे; आमच्या भाषेत ही तिजोरीची धोक्याची घंटा. सराईत चोर आधी घंटेची तार कापतो.

विषाणूही तेच करतो. १९९२ साली आंतोनियो अल्कामी व स्मिथ यांनी दाखवले की व्हॅक्सिनियाने ग्रासलेल्या पेशीतून एक खोटा ग्राहक बाहेर पडतो आणि निरोप्याला वाटेतच पकडतो. १९९६ साली त्यांनी उंदरांवर पडताळा घेतला. हे जनुक शाबूत असलेल्या विषाणूने ताप आला नाही. जनुक काढून टाकताच ताप आला. खुद्द देवीच्या विषाणूत हे जनुक मोडलेले आहे. रोग्याला चढणाऱ्या त्या भयंकर तापाचे एक कारण येथे असावे. २००० साली डब्लिनचे अँड्र्यू बोवी व ल्यूक ओ’नील यांच्यासह केलेल्या कामात, पेशीच्या आत शिरून संदेश तोडणारी ए४६ व ए५२ ही प्रथिनेही उजेडात आली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नाकावाटे संसर्ग दिला असता, खोटा ग्राहक नसलेल्या विषाणूने उंदीर अधिक आजारी पडले. म्हणजे दाह हवा, पण अतिरेक नको. येथेही मध्यम मार्गच. संधिवातावर १९९८ पासून वापरात आलेले एटानरसेप्ट हे औषध याच तत्त्वावर चालते. तेही दाहाच्या एका निरोप्याला वाटेत अडवते.

१९५६ साली नागपूरला घेतलेल्या धम्मदीक्षेने आपण देवीचा कोप मानणे सोडले. पण कोप नाकारणे हे निम्मेच काम आहे. त्या जागी खरे कारण शोधून ठेवणे हे उरलेले निम्मे. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे कारणाशिवाय कार्य नाही, ही शिकवण प्रयोगशाळेतही तितकीच लागू पडते. आपल्या विद्यार्थ्यांनी पदवीवर आणि नोकरीवर न थांबता संशोधनाच्या या वाटेकडेही वळावे. एकच प्रश्न चिकाटीने धरून बसण्याची तयारी मात्र हवी.