घरची गाणी, पुराचं पाणी

महाड-पोलादपूरकडच्या बायकांना पावसाळ्याची तयारी कुणी शिकवायला नको. जून लागायच्या आत तांदूळ, लोणच्याच्या बरण्या, घराचे कागद, मुलांचे दाखले सगळं माळ्यावर चढतं. २००५ च्या जुलैने धडा दिला होता. पुढे २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री आणि गांधारी शहरात शिरल्या आणि कित्येक घरांचे तळमजले पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळून वाडीच्या वाडी गेली, तिकडे पोलादपुरात केवनाळ्यालाही माणसं गेली. त्या दुःखापुढे वस्तूंचं काय घेऊन बसायचं, असं सगळ्यांनाच वाटलं. पण चिखल काढून झाला, भांडी घासून झाली, आणि मग हळूच एकेकीच्या तोंडून निघू लागलं, “अगं, गाणी गेली गं!”

आमच्या शेजारच्या काकूंचंच बघा. त्यांच्या सासूबाईंनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर होत्या. मुलाने हौसेने त्या कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि कॅसेटी ‘आता कशाला हव्यात’ म्हणून भंगारात गेल्या. कॉम्प्युटर खालच्या खोलीत, टेबलाखाली. पूर आला तेव्हा सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती. पुढे परत मिळाल्या त्या सात ओव्या, त्याही डोंबिवलीच्या पुतणीच्या मोबाइलमधून! तिने कधीतरी बारशासाठी म्हणून मागून घेतल्या होत्या.

मैत्रिणींनो, इथेच सगळी गोम आहे. सिनेमाची गाणी, नाट्यगीतं, अभंग आज गेले तरी उद्या पुन्हा मिळतात. पैसे भरून मोबाइलवर ऐकतो ती गाणी तर आपली नसतातच, वर्गणी थांबली की ती उतरवून घेतलेलीही वाजत नाहीत. खरी जपायची ती घरची गाणी. आजेसासूबाईंच्या ओव्या, हळदीची गाणी, गौरीच्या रात्रीचे फेर, गावच्या भजनाची बारी. ती दुसऱ्या कुठल्याही दुकानात नाहीत. म्हणून पहिलं काम, ही गाणी बाकीच्या ढिगातून वेगळी काढून एका फोल्डरमध्ये ठेवा.

समजा, गाणी चुकून पुसली गेली. तर ते कार्ड किंवा पेनड्राइव्ह त्या क्षणापासून वापरणं बंद करा. पुसलेलं गाणं लगेच नाहीसं होत नाही, फक्त ‘ही जागा रिकामी’ अशी पाटी लागते. त्या जागेवर नवे फोटो येऊन बसले, की मात्र ते कायमचं जातं. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, तर फोटोरेक नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पुष्कळदा गाणी परत मिळतात. मिळालेली गाणी दुसरीकडे उतरवा, त्याच कार्डावर नको.

भिजलेल्या वस्तूंचं शास्त्र वेगळं. छोटं मेमरी कार्ड चिवट असतं. स्वच्छ पाण्याने चिखल धुऊन, सावलीत दोन-तीन दिवस वाळवून मगच लावून बघा. हार्ड डिस्कमध्ये पाणी शिरलं असेल तर ‘चालते का बघू’ म्हणून वीज देऊ नका. आत फिरणाऱ्या तबकडीवर गाळाचा कण घासला तरी संपलं. ती मुंबई-पुण्याच्या जाणकाराकडेच द्यावी, आणि काही मिळालं नाही तर पैसे किती, हे आधी विचारावं. खर्च हजारांत जातो. भिजलेला मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसायची आपल्याकडे फार खोड. त्याने फायदा काही नाही, उलट तांदळाची पूड आत जाते. (आणि तो तांदूळ पुन्हा शिजवणाऱ्याही मला ठाऊक आहेत!)

परत मिळालेल्या गाण्यांची नावं बहुधा गेलेली असतात, उरतात नुसते आकडे. विकतच्या गाण्याच्या पोटात गायकाचं नाव लिहिलेलं असतं, त्यावरून ओळख पटते. घरच्या गाण्यात ते नसतं. मग एखाद्या दुपारी घरातल्या मोठ्या बाईला शेजारी बसवून एकेक गाणं लावायचं. हा आवाज कुणाचा? मागे खोकतंय ते कोण? ही ओवी माहेरची की सासरची? हे काम कुठलंही यंत्र करणार नाही, आणि उत्तरं देणारी माणसं काही कायम बसून राहणार नाहीत. कळलं की लगेच नाव घाला: ‘२०१९ गौरी मोठ्या आत्या बिरवाडी’. साल आधी लिहिलं की गाणी आपोआप ओळीने लागतात.

आता जपणूक. जाणकार सांगतात, प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर म्हणजे कुठे, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. पोलादपूरच्या बहिणीकडे ठेवून भागणार नाही. तिची आणि आपली नदी एकच! पाऊस कोसळतो तो महाबळेश्वरावर, आणि त्याचं पाणी दोघींच्या दारावरून जातं. तेव्हा प्रत ठाणे, पुणे, नाशिक, जिथे नातलग असेल तिथे जाऊ द्या. गणपतीला चाकरमानी घरी येतातच, परत जाताना काकडी-तवसाबरोबर पेनड्राइव्हही द्यावा. साध्या एमपीथ्री गाण्याला मिनिटाला सुमारे एक एमबी जागा लागते, म्हणजे चौसष्ट जीबीच्या पेनड्राइव्हवर घरच्या गाण्यांच्या कित्येक पिढ्या मावतील.

गूगलच्या खात्यात पंधरा जीबी जागा फुकट मिळते, तिथेही एक प्रत चढवावी. पण एक लक्षात असू द्या. मोबाइल आपण होऊन वर पाठवतो ते फोटो आणि व्हिडिओ. रेकॉर्ड केलेलं गाणं त्यात जात नाही, ते ड्राइव्हमध्ये हाताने टाकावं लागतं.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकावर नीट मांडणी केली, शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. ते पुण्यात होतं, गुडगावच्या लोकसंगीताच्या संग्रहालयात गेलं, आणि २०१७ पासून ‘पारी’वर कुणालाही ऐकता येतं. गाणाऱ्या प्रत्येकीचं नाव-गाव जपण्यावर त्यांचा भर आहे. आपल्या सासूबाईंची ओवी त्या लाखांत नसेल कदाचित, पण पद्धत घेण्यासारखी आहे.

कॅसेटी अजून घरात असतील तर त्या टाकू नका. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडून, ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅमने गाणं उतरवता येतं. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, तेवढ्यात भाजी निवडून होते. आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुली हे काम चुटकीसरशी करतात, घरच्या मुलांनाही सांगा.

पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं डब्यात पडून राहिला तरी बिघडतो. दर वर्षी वैशाखात, माळा झाडताना, तो काढून दुसऱ्याच एखाद्या कॉम्प्युटरवर दोन-तीन गाणी वाजवून पाहावी. आणि खात्याचा पासवर्ड एकट्या मुलाच्या डोक्यात नको, दागिन्यांच्या पावत्या ठेवतो त्या वहीत लिहून ठेवावा. ती वही तर आधीच वरच्या माळ्यावर असते.