हिरड्यांचा रोग आणि सांध्यांचा वात

सांधे दुखूं लागले म्हणजे आपल्याकडे मनुष्य प्रथम तेल चोळतो, मग वैद्याकडे जातो, त्यानंतर हाडांच्या डॉक्टराकडे जातो, आणि शेवटीं हवापाण्याला दोष देऊन स्वस्थ बसतो. त्यानें दांतांच्या डॉक्टराकडेहि एकदां जाऊन यावें, असें कोणी सुचविलें तर ती थट्टाच वाटेल. तथापि तोंडांतील एका अगदीं सामान्य रोगाचा आणि सांध्यांच्या एका दुर्धर रोगाचा निकटचा संबंध असावा, असें मानण्यास गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ आधार मिळाला आहे. हा संबंध कशा प्रकारचा आहे, तो कितपत खरा धरावा, आणि त्यावरून रोग्यानें काय करावें व काय करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम नांवांचा घोटाळा दूर केला पाहिजे. 'संधिवात' हा शब्द आपण फार सैलपणें वापरतों. साठीच्या पुढें गुडघे झिजून कुरकुरूं लागले, तो संधिवात; आणि चाळिशींतील एखाद्या बाईचीं बोटें सकाळीं उठतांना आखडून जातात, तोहि संधिवातच. मी बोलतों आहें तें या दुसऱ्या रोगाविषयीं. पाश्चात्य वैद्यकांत त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. हें नांव आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्यानें १८५९ सालीं रूढ केलें. माधवनिदानांत आमवाताचें जें वर्णन आहे, तें पुष्कळ अंशीं याच रोगाला लागू पडतें, असें आजचे अनेक वैद्य मानतात. हा रोग शंभर माणसांत फार तर एकाला होतो. मात्र पुरुषांच्या मानानें स्त्रियांना दुपटी-तिपटीनें अधिक होतो. दोन्ही हातांचीं बोटें व मनगटें सारखींच सुजतात, आणि सकाळचा ताठरपणा तासभर किंवा त्याहूनहि अधिक वेळ टिकतो. लाटणें धरवत नाहीं, नळाची तोटी फिरवत नाहीं, पोलक्याचीं बटणें लावतां येत नाहींत. हें सर्व सांधा झिजल्यामुळें होत नाहीं. शरीराच्या रक्षणासाठीं जें सैन्य रक्तांतून सदैव फिरत असतें, तेंच आपल्या सांध्यांच्या आंतील नाजूक अस्तरावर चालून जातें आणि तेथें ठाण मांडून बसतें.

आतां तोंडांतील रोग. त्याला लोक पायरिया म्हणतात. निरोगी माणसाच्या दांतांत आणि हिरडींत एक ते तीन मिलिमीटर खोलीची फट असते. दांतांवर कीटण चढत गेलें म्हणजे ही फट खोल होते, तींत जंतूंची वस्ती वाढते, ब्रश लागतांच रक्त येतें, तोंडाला दुर्गंधि येते, आणि पुढें दांताला धरून ठेवणारें हाडच विरघळूं लागतें. एवढें होऊनहि दुखत असें विशेष नाहीं. म्हणूनच या रोगाकडे वर्षानुवर्षें दुर्लक्ष होतें. ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून तर रक्तहि कमी येतें, कारण तंबाखूनें तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळें आपल्या हिरड्या उत्तम आहेत असा त्याचा समज होऊन बसतो.

या दोन रोगांची सांगड घालण्याची कल्पना मात्र नवी नव्हे. विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरानें १९०० सालीं, आणि पुढें १९१० सालीं माँट्रिऑल येथील व्याख्यानांत, तोंडांतील पुवावर मोठा हल्ला चढविला. सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसविणाऱ्या दंतवैद्यांवर त्याचा विशेष राग होता. शिकागोचे फ्रँक बिलिंग्ज यांनीं या विचाराला शास्त्राचें रूप दिलें. शरीरांत एखाद्या ठिकाणीं जंतु दडून बसतात, तेथून ते रक्तांत उतरतात व दूरच्या अवयवांत रोग उत्पन्न करतात, असें त्यांचें मत. १९१६ सालीं त्यावर त्यांचा ग्रंथहि निघाला. मग काय विचारतां! संशयास्पद दांत काढावा, असें म्हणतां म्हणतां प्रत्येक दांत संशयास्पद ठरूं लागला. सांधे दुखणाऱ्या हजारों रोग्यांचे दांत व गळ्यांतील गांठी काढण्यांत आल्या. बिचारे बोळके झाले, आणि सांधे होते तसेच राहिले. अखेर रसेल सेसिल यांनीं, जे पूर्वीं स्वतःच या मताचे पुरस्कर्ते होते, अँजेव्हाइन यांच्या सहकार्यानें २०० रोग्यांची हकीकत तपासून १९३८ सालीं प्रसिद्ध केली. दांत किंवा गांठी काढलेल्यांपैकीं बहुतेकांना कांहींहि गुण आला नव्हता. तेव्हांपासून हा पक्ष मागें पडला, तो जवळजवळ साठ वर्षें.

तो पुन्हां पुढें आला तो अगदीं निराळ्या वाटेनें, आणि या वाटेवर प्रथम भेटतें तें कलिंगड. १९१४ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञांनीं कलिंगडाच्या रसांतून एक पदार्थ वेगळा काढला. कलिंगडाच्या लॅटिन नांवावरून त्याला सिट्रुलीन म्हणूं लागले. आपल्या शरीरांतील प्रथिनें म्हणजे लहान लहान मण्यांच्या माळा आहेत अशी कल्पना करा. त्यांतील एका मण्याचें नांव आर्जिनीन. एन्झाइम या नांवाचीं जीं कामकरी द्रव्यें शरीरांत असतात, त्यांपैकीं कांहीं या आर्जिनीनचें रूप पालटून त्याचें सिट्रुलीन करतात. माळ तीच, पण एक मणि बदललेला. हॉलंडमधील संशोधकांनीं १९९८ सालीं असें दाखविलें कीं, आमवाताच्या रोग्याच्या रक्तांत जीं विशिष्ट प्रतिद्रव्यें सांपडतात, तीं नेमकीं या बदललेल्या मण्यालाच ओळखून त्यावर तुटून पडतात. सुमारें दोन-तृतीयांश रोग्यांत तीं आढळतात, आणि निरोगी माणसांत क्वचितच. (कलिंगड खाल्ल्यानें सांधे बिघडतात, असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. खाल्लेल्या सिट्रुलीनचा येथें कांहीं संबंध नाहीं; उन्हाळ्यांत कलिंगड खुशाल खावें.)

पुढच्याच वर्षीं, १९९९ सालीं, दुसरा दुवा सांपडला. पायरियाच्या खोल फटींत राहणारा पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस नांवाचा एक जंतु आहे. हा मण्याचें रूप पालटण्याची विद्या या जंतूला स्वतःलाच अवगत आहे असें दिसून आलें. जंतूंच्या जातींत हा गुण फारच दुर्मिळ. म्हणजे हिरडीच्या सुजलेल्या फटींत एकीकडे हा जंतु माळा बदलीत बसला आहे, दुसरीकडे त्याच्याशीं लढणाऱ्या आपल्या पांढऱ्या पेशीहि तसल्याच द्रव्यांचा सडा घालीत आहेत, आणि हें एक दिवस नव्हे, दहा-वीस वर्षें चाललें आहे. ज्यांच्या रक्ताच्या घडणींत आनुवंशिक कमकुवतपणा आहे, अशा माणसाच्या शरीराला हीं बदललेलीं प्रथिनें परकीं वाटूं लागलीं तर नवल नाहीं. १९३८ पूर्वींचे डॉक्टर जंतूलाच सांध्यांत शोधीत होते. आजच्या मताप्रमाणें जंतु सांध्यांत जाऊन बसण्याची गरजच नाहीं. भांडण हिरडींत सुरू होतें आणि सैन्य तें सांध्यापर्यंत नेतें.

याला पुष्टि देणारी आणखी एक गोष्ट आहे. उत्तर स्वीडनमध्यें पूर्वीं सांठवून ठेवलेलें रक्त तपासलें असतां, हीं प्रतिद्रव्यें सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षें आधींच रक्तांत आलेलीं असतात, असें २००३ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां रोगाचा आरंभ सांध्याबाहेर कोठें तरी होत असावा. तें ठिकाण हिरडी असेल. ओढणाऱ्याच्या बाबतींत फुप्फुस असेल. २०१६ सालीं हिरडींतीलच दुसऱ्या एका जंतूची करामत उघडकीस आली: तो पांढऱ्या पेशींना भोंकें पाडून आंतील प्रथिनांचें हेंच रूपांतर घडवितो. आणि २०२३ सालीं अमेरिकेंत थोड्याच रोग्यांचें रक्त आठवड्यामागून आठवडा तपासलें, तेव्हां दोन्ही रोग असलेल्यांच्या रक्तांत तोंडांतील जंतु पुनःपुन्हां उतरतांना दिसले.

इतकें सांगितल्यावर वकिलानें दुसरी बाजूहि मांडली पाहिजे. पायरिया कोट्यवधि लोकांना आहे, आमवात त्यांच्यापैकीं थोड्यांनाच होतो. धूम्रपान हें दोन्ही रोगांचें समान कारण आहे. शिवाय ज्याचीं बोटें आखडलेलीं आहेत, त्याला दांत नीट घांसतांच येत नाहींत; म्हणजे सांध्यांमुळें हिरड्या बिघडतात असेंहि म्हणतां येईल, आणि तें खोटेंहि नाहीं. हिरड्यांवर उपचार केल्यानें सांध्यांची सूज उतरते काय? कांहीं लहान चांचण्यांत थोडासा उतार दिसला. परंतु फ्रान्समधील एका चांचणींत हिरड्या सुधारल्या, सांध्यांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. माझ्या मतें याचें आश्चर्य वाटूं नये. ठिणगी जेथून उडाली ती चूल विझविली, म्हणून पेटलेलें छप्पर विझत नाहीं.

म्हणून आमवाताच्या रोग्यानें चांगले दांत काढून घेण्याच्या फंदांत पडूं नये, आणि सांध्यांचीं औषधें तर मुळींच सोडूं नयेत. पहिल्या कांहीं महिन्यांत योग्य औषध मिळालें तर आज पुष्कळांचे सांधे वांकडे होण्यापासून वांचतात. तो काळ हिरड्यांच्या नादांत घालविणें घातक आहे. त्याच्या जोडीला मात्र दंतवैद्याकडून कीटण काढून घ्यावें, आणि आपण कोणतीं औषधें घेतों तें त्याला आधीं सांगावें. कीटण काढल्यानें दांत हलूं लागतात, हा समज आपल्या घरोघरीं आहे. वस्तुतः हाड आधींच गेलेलें असतें. कीटणाच्या आधारानें उभा असलेला दांत तें निघाल्यावर आपलें खरें स्वरूप दाखवितो, इतकेंच. मशेरी लावणाऱ्या बायकांना तिनें हिरड्या घट्ट होतात असें वाटतें. तीहि भाजलेली तंबाखूच आहे, आणि तिच्यापायीं हिरड्या दांतांवरून मागें सरतात.

बोटें आखडलेल्यांनीं दांतांची मुख्य सफाई सकाळीं न करतां रात्रीं निजण्यापूर्वीं करावी; त्या वेळीं बोटें अधिक मोकळीं असतात. बारीक दांडीचा ब्रश मुठींत धरवत नसेल, तर दांडीवर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी, किंवा जुन्या कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून ती जाड करावी. विजेचा ब्रश घेण्याची ऐपत असेल तर तो अधिक सोयीचा. त्याचा दांडा मुळांतच जाड असतो, आणि मनगट हलविण्याचे श्रमहि वांचतात.