राउटर का रुसतो?

यंत्रमागांच्या भिवंडीत घरचे इंटरनेट वारंवार तुटत असेल, तर राउटर बदलण्याआधी एक प्रयोग करू. संगणक तारेने राउटरला जोडू. तारेवर इंटरनेट टिकले, पण वाय-फाय तुटले, तर अडथळा बहुधा रेडिओलहरींच्या वाटेत आहे. या लहरी पत्र्यावरून परावर्तित होतात. शेजारचे राउटरही २.४ गिगाहर्ट्‌झचाच पट्टा वापरत असू शकतात. राउटरची जागा किंवा चॅनल (१, ६, ११) बदलून पाहू.

तारेवरही तुटले, तर राउटरचे दिवे पाहू. सगळे विझून पुन्हा लागले, तर संशय विजेवर किंवा अडॅप्टरवर. मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते. विजेचा दाब क्षणभर उतरतो. फक्त इंटरनेटचा दिवा गेला, तर दोष बहुधा बाहेरच्या जोडणीत. तुटण्याच्या वेळा आठवडाभर नोंदवून त्या माग सुरू होण्याच्या वेळांशी जुळतात का, हे विद्यार्थ्यांनाही तपासता येईल.