हिरवळ : आधी बी की आधी खत?

घराभोवतालची हिरवळ विरळ झाली म्हणजे तिच्यावर नवे बी टाकावे आणि खतही घालावे, हे बहुतेकांस ठाऊक असते. या दोहोंपैकी आधी काय करावे, याविषयी मात्र एकवाक्यता आढळत नाही. बियाण्यांच्या पाकिटांवर व उद्यानविषयक पुस्तकांत जो क्रम सांगितलेला असतो, तो पुष्कळदा युरोप-अमेरिकेतील थंड हवामानाच्या गवतांस अनुलक्षून असतो. दादरच्या हिंदू कॉलनीत, पारशी कॉलनीत किंवा परळच्या जुन्या आवारांत जे गवत वाढते त्याची प्रकृती वेगळी आहे; ज्या पावसात ते वाढते त्याचा स्वभावही वेगळा आहे. म्हणून क्रमाचा हा प्रश्न मुंबईच्या परिस्थितीत मुळापासून तपासणे इष्ट होय.

गवताची प्रकृती

येथील हिरवळीचे प्रमुख गवत म्हणजे हरळी. गणपतीस वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या याच. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. जमिनीवर धावणारी खोडे व जमिनीखाली सरकणारी मूळखोडे अशा दोन्ही साधनांनी ती पसरते आणि रिकामी जागा स्वतःच भरून काढू शकते. थंड प्रदेशातील रायगवताला ही शक्ती नाही. ते झुपक्यांनी वाढते. झुपका मेला की ती जागा उघडी पडते. यामुळे तेथे जुन्या हिरवळीवर वरचेवर बी पेरावे लागते. अमेरिकेच्या दक्षिण भागात हरळी हिवाळ्यात सुप्त होऊन पिवळी पडते, तेव्हा तिच्यावर रायगवत पेरून तात्पुरता हिरवेपणा आणतात. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सर्वसाधारणपणे 16 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. हरळीची वाढ मंदावते, पण ती सुप्त होत नाही. येथे हिवाळी पेरणीला कारणच उरत नाही. उन्हाने, पायदळी तुडवल्याने किंवा पाणी तुंबल्याने मेलेले तुकडे भरून काढणे, एवढाच येथील पेरणीचा हेतू असतो.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. हरळीच्या पुष्कळशा संकरित जाती वांझ असून त्यांना उपयोगी बी धरत नाही. अशा हिरवळीत सामान्य हरळीचे बी टाकल्यास पोत व रंग जुळत नाहीत. तेथे त्याच जातीच्या खोडांचे तुकडे लावणे हाच उपाय होय.

नत्र कोणाच्या वाट्यास जाते?

क्रमाच्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. पेरणीच्या वेळी जमिनीत दोन प्रकारचे भागीदार असतात. एक जुने गवत, ज्याची मुळे तयार आहेत. दुसरे बी, ज्याला अजून मूळच फुटलेले नाही. हरळीचे बी अत्यंत सूक्ष्म असते. एका किलोत सुमारे चाळीस लाख दाणे भरतात. एवढ्या लहान दाण्यात साठवलेले अन्न थोडे, पण ते पहिली काही दिवसांची गरज भागवण्यास पुरते. या काळात बाहेरचे नत्र त्याच्या कामी येत नाही. ते सर्व जुन्या गवताच्या वाट्यास जाते. ते जोमाने वाढून जमिनीवर सावली धरते आणि त्या सावलीत नवे अंकुर मरतात. मालकास वाटते, बी खोटे निघाले. वस्तुतः त्याने नव्या रोपांच्या प्रतिस्पर्ध्यास पोसलेले असते.

युरियाच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. ओल्या व उष्ण मातीत युरियाचे विघटन होऊन अमोनियम कार्बोनेट बनते, दाण्याभोवतीच्या मातीचा सामू चढतो आणि अमोनिया वायू मोकळा होतो. रुजत असलेल्या कोंबास तो मारक ठरतो. डायअमोनियम फॉस्फेटही बियाशी लगट करून घातल्यास कमीअधिक प्रमाणात हाच अपाय करते.

स्फुरदाचे वेगळेपण

स्फुरदाची कथा याच्या उलट आहे. नत्र पाण्याबरोबर हिंडते. स्फुरद जेथे पडते तेथेच बहुतांशी राहते. कोवळ्या मुळास ते हवे असते, पण ते मुळाकडे चालत येत नाही. मुंबईच्या बागांतून बाहेरून आणलेली तांबडी माती घालण्याची रीत आहे. या मातीतील लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे स्फुरदास घट्ट धरून ठेवतात. म्हणून पृष्ठभागावर मागाहून फेकलेले सुपरफॉस्फेट मुळांपर्यंत क्वचितच पोहोचते. ते पेरणीपूर्वी, माती मोकळी केलेली असतानाच, कुजलेल्या शेणखताबरोबर वरच्या थरात मिसळले पाहिजे.

तात्पर्य, ‘आधी खत की आधी बी’ हा प्रश्नच अपुरा आहे. स्फुरद आधी, बी मध्ये आणि नत्र शेवटी, असे त्याचे उत्तर आहे. तुर्भ्याच्या कारखान्यामुळे परिचित झालेल्या सुफला 15:15:15 सारख्या मिश्रखतात तिन्ही अन्नद्रव्ये एकत्र असल्याने हा भेद राखता येत नाही. उभ्या हिरवळीस ते सोयीचे असले, तरी पेरणीच्या दिवशी ते टाळावे.

पावसाचे बंधन

मुंबईत वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. पहिली सर येताच बी आणि युरिया एकदमच फेकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी दिसते. जुलैच्या मुसळधारेत सूक्ष्म बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते आणि नत्र गटारावाटे समुद्रास मिळते. खर्च वाया जातो तो जातोच, शिवाय पाण्यात शेवाळाची वाढ होते. यास्तव जून-जुलै हा काळ खोडांचे तुकडे लावण्यास योग्य. ते मातीत रुतलेले असतात व पावसाने सहसा हलत नाहीत. बियासाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ अधिक चांगला. तेव्हा माती उबदार व ओलसर असते, ऊन स्वच्छ पडते आणि धुवाधार सरी ओसरलेल्या असतात.

प्रत्यक्ष क्रम

शंभर चौरस मीटर हिरवळीचे उदाहरण घेता येईल. प्रथम गवत आखूड कापून कापलेले गवत उचलावे, वाळका थर दाताळ्याने खरवडून काढावा आणि कडक झालेली जमीन काट्याने टोचून भुसभुशीत करावी. माती परीक्षणात स्फुरद कमी आढळल्यास 16 टक्के स्फुरदाचे सुमारे 3 किलो सुपरफॉस्फेट शेणखतासह मिसळावे. दर चौरस मीटरास ते पाच ग्रॅमच्या आत पडते. त्यानंतर बी टाकावे. संपूर्ण उघड्या जमिनीस 300 ग्रॅम बी पुरते. विरळ हिरवळीस उघड्या भागाच्या प्रमाणात कमी घ्यावे. वाळूत मिसळून आडवे-उभे असे दोनदा फेकल्यास ते सारखे पडते. वर चाळलेल्या मातीचा पाच-सहा मिलिमीटरहून जाड थर देऊ नये. पुढील दोन-तीन आठवडे झारीने वा बारीक फवाऱ्याने दिवसातून दोनदा हलके पाणी द्यावे.

नवी रोपे एक-दोनदा कापली गेली म्हणजे त्यांची मुळे अन्न घेण्याजोगी झाली असे समजावे. तेव्हा अर्धा किलो युरिया, म्हणजे सुमारे 230 ग्रॅम नत्र, कोरड्या पानांवर सारखे पसरून लगेच भरपूर पाणी द्यावे. दुसरा तितकाच हप्ता महिन्याने द्यावा. तणाचे बी रुजू न देणारी औषधे या काळात वापरू नयेत. ती हरळीच्या बियासही रुजू देत नाहीत.

क्रमाच्या मर्यादा

योग्य क्रमानेही सर्व काही साधत नाही. हरळी सावली सोसत नाही. पारशी कॉलनीतील जुन्या वृक्षांच्या दाट छायेत ती कितीही वेळा पेरली तरी टिकणार नाही. तेथे सेंट ऑगस्टीनसारखे छाया सोसणारे गवत निवडणे शहाणपणाचे. तसेच सतत तुडवली जाणारी जमीन दगडासारखी घट्ट होते. तीत पाणी व हवा शिरत नाही आणि खत वरच राहते.

दादरचे शिवाजी पार्क हे याचे सर्वांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. 1925 साली खुल्या झालेल्या या मैदानावर रोज असंख्य पावले पडतात. अलीकडच्या वर्षांत तेथील तांबडी माती कोरड्या ऋतूत उडून भोवतालच्या घरांत शिरते, आणि गवत लावण्याचे व पाणी शिंपडण्याचे प्रयत्न होऊनही धुळीची तक्रार पुनःपुन्हा उद्भवली आहे. नव्या गवतास मूळ धरण्याइतकी विश्रांती मिळाली नाही, तर बी, खत व पाणी ही तिन्ही व्यर्थ जातात. घरच्या अंगणास महिना-दीड महिना दोरी बांधून पाय टाळता येतो. सार्वजनिक मैदानास तो आळीपाळीने, तुकड्यातुकड्याने द्यावा लागेल. स्फुरद, बी, नत्र या क्रमात बी व नत्र यांच्यामधील हा विसाव्याचा काळ नजरेस येत नाही. परंतु तो वगळला, तर बाकीचा क्रम निष्फळ होतो.