दिवस गेल्यावर गोळीचं काय?

ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 साली सुरू झालं. त्यानंतर निदान पन्नास वर्षं तिथल्याच काय, जगातल्या कुठल्याही डॉक्टरच्या हाती नैराश्यावरचं खास असं औषध नव्हतं. ते सापडलं तेही अवचित. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात 1952 साली क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहिलं, तर खाटेला खिळलेली माणसं बोलू-हसू लागली, जेवण मागू लागली. पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये रोलंड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. स्किझोफ्रेनियावर ते फारसं चाललं नव्हतं. उदासीनतेवर मात्र लागू पडलं.

ठाण्यात 1990 साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी राहिली आणि मनाच्या दुखण्यावर चारचौघांत बोलणं थोडं सोपं झालं. तरी ठाण्या-डोंबिवलीतल्या घरांत नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या सुनेला दिवस गेले की आजही पहिला सल्ला मिळतो तो ‘आता त्या गोळ्या बंद कर’ असाच. सल्ला मायेपोटीच असतो, पण धोक्याचा असतो. अमेरिकेत 201 गर्भवतींचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. औषध थांबवलेल्यांपैकी 68 टक्के स्त्रियांचं नैराश्य उलटलं; चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण 26 टक्के होतं. नैराश्य अंगावर काढणाऱ्या आईची झोप उडते, अन्न जात नाही, तपासण्या चुकतात. जीव देण्याचे विचारही येऊ शकतात. याची झळ पोटातल्या बाळालाही लागते.

औषधं अगदी निर्धोक आहेत, असं मात्र नाही. पॅरॉक्सेटिन पहिल्या तीन महिन्यांत शक्यतो टाळतात, कारण बाळाच्या हृदयातल्या दोषांशी त्याचा संबंध दिसला आहे. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर काही बाळं जन्मल्यावर दोन-चार दिवस किरकिरी राहतात, दूध नीट ओढत नाहीत. बहुतेकांचं आपोआप निवळतं. फुप्फुसातल्या रक्तदाबाचा एक गंभीर विकार हजारांत दोन बाळांना एरवीही होतो. या गोळ्यांमुळे तो हजारांत तिघांपर्यंत जाऊ शकतो. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईसाठी डॉक्टर बहुधा तेच निवडतात. गोळी बदलायची, कमी करायची की तशीच ठेवायची, हे तिचा आधीचा आजार किती तीव्र होता यावर ठरतं. म्हणून मूल हवं असं मनात येताच मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगावं. गोळी एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी, अंगातून वीज गेल्यासारखे झटके असे त्रास होऊ शकतात.

आपल्या शेजारच्या गोव्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींना सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं, तेव्हा 23 टक्के जणी नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणं दिसली. त्यांवर गोळी कुठून असणार? तिथे नवऱ्याने आणि सासरच्यांनीच बदलायला हवं. सौम्य नैराश्यात समुपदेशनानेही पुष्कळ भागतं. कल्याणच्या चाळीत असो वा घोडबंदरच्या टॉवरमध्ये, 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्री-अपरात्रीही फुकट लागतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.