पेटीवाल्याने संच बांधावा काय?

पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतून जाणाऱ्याला वर्षाचे बहुतेक महिने पांढऱ्या गणेशमूर्तींच्या रांगा वाळत पडलेल्या दिसतात. त्यांना रंग नसतो, डोळे नसतात. साच्यातून काढलेली ही कच्ची मूर्ती मुंबई, ठाणे, पुणे येथील रंगकाम करणाऱ्यांना आणि व्यापाऱ्यांना घाऊक भावाने विकायची, हा या गावांतील असंख्य कारखान्यांचा धंदा आहे. पेण शहरातील जुन्या कारखान्यांत मात्र मूर्ती रंगते, डोळ्यांची आखणी होते आणि ती कारखान्याच्या नावावर विकली जाते. साहजिकच खारेपाटातील कच्च्या मूर्तीवाल्याच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. रंगाचा हात फिरताच मूर्तीची किंमत वाढते, तर ती वाढ दुसऱ्याच्या पदरात का पडू द्यावी? सगळी मूर्ती आपणच पुरी करून का विकू नये?

प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. कच्ची मूर्ती गेली की पैसा मोकळा होतो आणि जागाही मोकळी होते. रंगवलेल्या मूर्तीत मात्र रंगाचे, मजुरीचे आणि जागेचे पैसे भाद्रपदापर्यंत अडकून पडतात. चतुर्थी उलटली की न खपलेली मूर्ती वर्षभर सांभाळण्याची वस्तू होऊन बसते. 2025 च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरील बंदी कडकपणे अंमलात आणण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये मूर्ती घडवण्यास मुभा दिली. मधल्या महिन्यांत ज्याच्याकडे जितका अधिक पैसा मालात अडकला होता, त्याचा जीव तितका अधिक टांगणीला लागला असणार, हे सांगायला नको. आणि सर्वांत अवघड बाब ही की, रंगवलेली मूर्ती बाजारात आणणारा कच्च्या मूर्तीवाला आपल्याच गिऱ्हाइकाच्या दुकानासमोर दुकान मांडतो. ते गिऱ्हाईक पुढील वर्षी त्याच्याकडून माल घेईल काय?

हाच पेच दूरचित्रवाणीच्या धंद्यात गेली काही वर्षे गाजतो आहे. तेथे कच्च्या मूर्तीच्या जागी एक हातभर वायर जोडलेली छोटी पेटी आहे. साध्या टीव्हीला ती लावली आणि घरात इंटरनेट असले, की चित्रपट, मालिका, क्रिकेटचे सामने पडद्यावर येतात. कधी ती पेटीच्या रूपात असते, कधी बोटभर लांबीच्या कांडीच्या. अशी पेटी बनवणाऱ्याने पुढचे पाऊल टाकून सबंध टीव्ही संच स्वतःच्या नावाने बाजारात आणावा काय?

या प्रश्नाचा इतिहासच बोधप्रद आहे. अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनीने 2007 साली अशी एक पेटी स्वतः तयार केली होती. ती बाजारात येण्यास काही आठवडे उरले असताना कंपनीचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी तो बेत रद्द केला. नेटफ्लिक्सचे चित्रपट प्रत्येकाच्या यंत्रावर दिसावेत ही त्यांची इच्छा. आणि आपण स्वतः यंत्रे विकू लागलो तर इतर यंत्रवाले आपल्याला दारात उभे करणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. ती पेटी व ती घडवणारी माणसे रोकू नावाच्या लहान कंपनीकडे गेली. अँथनी वुड यांनी 2002 साली स्थापन केलेली ही कंपनी; जपानी भाषेत ‘रोकू’ म्हणजे सहा, आणि वुड यांची ही सहावी कंपनी म्हणून हे नाव. 2008 च्या मे महिन्यात तिची पेटी शंभर डॉलरना विक्रीस आली.

रोकूने पुढे पेटीतील बुद्धी, म्हणजे तिला चालवणारी संगणकीय प्रणाली, संच बनवणाऱ्यांना वापरू देण्याचा मार्ग धरला. 2014 साली टीसीएल आणि हायसेन्स या चिनी कंपन्यांचे संच या प्रणालीसह आले. संच त्यांचा, गुदामाचा खर्च त्यांचा, दुकानदाराशी घासाघीस त्यांची. रोकूला मात्र त्या पडद्यावर दिसणाऱ्या जाहिरातींचा आणि तेथून घेतल्या जाणाऱ्या वर्गण्यांचा वाटा मिळू लागला. आकडे पाहिले म्हणजे या व्यवस्थेचे मर्म कळते. 2022 आणि 2023 या दोन्ही वर्षी कंपनीला उपकरणांच्या विक्रीत ढोबळ तोटा झाला, तर जाहिराती व वर्गण्यांच्या विभागात शंभर रुपयांच्या उत्पन्नामागे पन्नासहून अधिक ढोबळ नफा म्हणून उरत होते. पेटी हे गळाला लावलेले आमिष होते. कमाई मासळीत होती.

असे असूनही 2023 च्या जानेवारीत रोकूने स्वतःच्या नावाचे अकरा प्रकारचे संच जाहीर केले आणि मार्चमध्ये ते अमेरिकेतील दुकानांत आले.

संचाचा तोट्याचा धंदा

यात शहाणपण किती? टीव्ही संच हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दाखवावा असा क्षीण नफ्याचा धंदा आहे. संचाच्या खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या पडद्याच्या काचेचा असतो, आणि ती काच प्रामुख्याने चीनमधील मोजक्या कारखान्यांतून येते. तिचा भाव चढला की संच बनवणाऱ्याने सोसायचा. भाव उतरला की जुन्या भावाने बनवलेला माल गुदामात पडून राहायचा. टीसीएलचा काचेचा कारखाना स्वतःच्याच घरातला आहे. त्याच्याशी स्वस्ताईची स्पर्धा करणे इतरांना दुष्कर. शिवाय वस्तू अवजड आणि नाजूक. वाहतुकीत फुटते, जागा अडवते आणि आपल्याकडे गणपती ते दिवाळी या दोन-अडीच महिन्यांत खपली नाही तर दुकानदाराचे व्याज वाढवते. पेणच्या मूर्तीला चतुर्थीची जी मर्यादा, तीच संचाला थोड्या सैल स्वरूपात लागू आहे.

येथे कोणी म्हणेल की, आता कारखाना काढावाच लागत नाही. दुसऱ्याच्या कारखान्यात संच बांधून घेता येतात आणि त्यावर आपले नाव छापता येते. हे खरे आहे. डिक्सनसारख्या भारतीय कंपन्या अनेक नावांचे संच एकाच छपराखाली बांधून देतात. परंतु त्यामुळे वाचतो तो यंत्रसामग्रीचा खर्च. मालात अडकणारा पैसा, न खपलेल्या संचांची सवलत, हमीच्या मुदतीतील दुरुस्ती आणि पूर्वीच्या गिऱ्हाइकांचा रोष यांपैकी काहीही टळत नाही.

रोषाचे एक उदाहरण तर मराठी वाचकाच्या परिचयाच्या नावाशी जोडलेले आहे. शिंगे असलेल्या सैतानाच्या जाहिरातीमुळे एके काळी घरोघर पोचलेल्या ओनिडाने, म्हणजे 1981 साली सुरू झालेल्या मुंबईच्या मर्क इलेक्ट्रॉनिक्सने, 2019 च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉनची फायर टीव्ही प्रणाली बसवलेले संच आणले. ॲमेझॉन तोवर भारतात आपली कांडी स्वतंत्रपणे विकत होती. त्यानंतर सुमारे वर्षभरातच ॲमेझॉनने आपल्या नावाचे संच त्याच प्रणालीसह भारतात विकण्यास आरंभ केला, आणि तेही आपल्याच संकेतस्थळावर, जेथे ओनिडाचा मालही मांडलेला होता. सहकारी आणि प्रतिस्पर्धी या दोन भूमिका एकाच पक्षाने घेतल्यावर दुसऱ्या पक्षाने पुढील करार करताना दहा वेळा विचार केला, तर त्याला दोष देता येणार नाही.

व्हिडिओकॉनचा धडा

महाराष्ट्रात हा प्रयोग उलट दिशेने होऊन गेला आहे. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने, औरंगाबादजवळील (आजचे छत्रपती संभाजीनगर) चितेगावच्या कारखान्यातून निघालेल्या संचांवर मध्यमवर्गीय घरांत आपले स्थान निर्माण केले होते. संच हाती असलेल्या या कंपनीने 2009 साली ‘डीटूएच’ ही उपग्रह वाहिन्यांची सेवा सुरू केली. संचवाला पेटीवाला झाला. त्याबरोबरच तिने एक नवी वस्तू आणली. ज्यात पेटी आतच बसवलेली आहे असा टीव्ही. वेगळी पेटी नको, वेगळा रिमोट नको, वायरींचा गुंता नको. कल्पना आकर्षक होती. पण सेवा कोठे वाढली? व्हिडिओकॉनचे संच असलेल्या घरांपुरती ती राहिली असती तर तिचा जीव फारच लहान राहिला असता. ती वाढली ती सुटी पेटी कोणत्याही कंपनीच्या संचाला जोडता येत होती म्हणून. पोटात पेटी असलेला संच घेणाऱ्याने मात्र सेवा बदलायची ठरवली, तर आतील भागाचा उपयोग संपला आणि बाहेर दुसरी पेटी आलीच.

2018 च्या मार्चमध्ये डीटूएच डिश टीव्हीत विलीन झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. या पतनाचे खापर टीव्हीच्या पेटीवर फोडणे अन्यायाचे होईल; दूरसंचार, तेलक्षेत्रे आणि त्यासाठी काढलेली प्रचंड कर्जे यांचा वाटा त्यात मोठा होता. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटू नये. संच बनवणारी मूळ कंपनी बुडाली, पण सुटी पेटी घरी असलेल्या गिऱ्हाइकाची सेवा नव्या मालकाकडे अखंड चालू राहिली.

रिलायन्सचे नाव रोहेकरांना नागोठण्यामुळे परिचित आहे. आधीच्या आयपीसीएलचा तेथील पेट्रोरसायनांचा प्रकल्प पुढे या समूहाकडे गेला. प्लास्टिकचा कच्चा माल बनवून हजारो लहानमोठ्या कारखानदारांना विकायचा, प्रत्येक बादली आणि प्रत्येक पिशवी स्वतः करायची नाही, हा तेथील व्यवहार. त्याच समूहाच्या जिओने घरोघर पेटी पोचवल्यानंतर 2025 च्या फेब्रुवारीत आपली ‘जिओ टेली’ प्रणाली बाजारात आणली ती थॉमसनसारख्या दुसऱ्यांच्या नावाच्या संचांतून. ज्याच्याकडे संच काढण्याइतके भांडवल निःसंशय आहे, त्यानेही आरंभ या वाटेने करावा, हे विचार करण्याजोगे आहे.

मग रोकूची कृती अविचाराची होती काय? तसे म्हणवत नाही. टीसीएल तोवर गूगलची प्रणालीही आपल्या संचांत बसवू लागली होती. दुसऱ्याच्या संचात राहणाऱ्या भाडेकरूला घरमालक कधी नोटीस देईल याचा भरवसा नसतो. पुढे वॉलमार्टने 2024 साली स्वतःची प्रणाली असलेली व्हिझिओ ही कंपनीच विकत घेतली. जिच्या दुकानांतून रोकूवर चालणारे स्वस्त संच मोठ्या संख्येने खपत, तीच कंपनी स्पर्धक प्रणालीची मालक झाली. अशा बाजारात आपले म्हणून थोडे संच असणे ही विम्याची पॉलिसी आहे. पॉलिसीचा हप्ता भरावा. सारा पगार तिच्यात घालू नये. खारेपाटातील कारखानदाराने शंभरातल्या दहा मूर्ती स्वतः रंगवल्या तर त्याला रंगाच्या बाजाराचा अंदाज येतो आणि घेणाऱ्यांशी भाव ठरवताना पाठबळ मिळते. शंभरच्या शंभर रंगवायला घेतल्या तर त्याने जुना धंदा सोडून नवा धरला असे समजावे, आणि त्या नव्या धंद्यात आखणीचा हात लागतो. टीव्हीच्या संचात तसा कोणता हात आहे? काच दुसऱ्याची, जोडणी दुसऱ्याची. पेटीवाल्याचे खास कौशल्य पेटीतच आहे.

घेणाऱ्याच्या घरात

आतापर्यंतचा विचार विकणाऱ्याच्या बाजूने झाला. पेणच्या शिक्षकाने किंवा रोह्याच्या कारकुनाने हप्त्यांवर घेतलेल्या संचाकडे पाहिले तर प्रश्नाचे दुसरेच अंग दिसते. चांगला पडदा आठ-दहा वर्षे सहज टिकतो. त्यातील प्रणाली मात्र चार-पाच वर्षांत मंदावते. नवी ॲप्स चालेनाशी होतात, कंपनी सुधारणा पाठवणे थांबवते. सुटी पेटी असेल तर दोन-चार हजारांत नवी आणून काम भागते. पेटी संचाच्या पोटात असेल, आणि बाहेरून दुसरी जोडण्याची सोय कंपनीने मुद्दाम गैरसोयीची केली असेल, तर चांगला पडदा भंगारात जातो आणि घरात नवा हप्ता सुरू होतो. वेगवेगळ्या आयुष्याच्या दोन वस्तू एकत्र जखडल्या की त्या जोडीचे आयुष्य कमी टिकणाऱ्या वस्तूइतकेच होते.

रोह्याच्या स्थानकावर याचे एक उत्तर रोज पाहावयास मिळते. तेथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. दोन स्वतंत्र व्यवस्थापने, दोन हिशेब; पण रुळांचे माप एक असल्याने मंगळूरला निघालेला प्रवासी जागचा हलत नाही. पेटी आणि संच यांच्यामध्येही असेच सर्वांना समान माप असावे, या विचाराने दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2020 च्या एप्रिलमध्ये शिफारस केली होती की, एका सेवेची पेटी दुसऱ्या सेवेलाही चालावी आणि प्रत्येक डिजिटल टीव्ही संचात त्यासाठी एक खुली जोडणी असावी. 2022 साली भारतीय मानक ब्युरोने उपग्रह ग्राहक आतच बसवलेल्या संचांसाठी मानकही तयार केले, जेणेकरून केवळ छत्री लावून मोफत वाहिन्या दिसाव्यात. शिफारस आणि मानक यांना सक्तीचे बळ मिळाले तरच त्यांचा उपयोग, आणि इंटरनेटवरील पेट्यांचा विचार तर त्यांत अजून आलेलाच नाही. तो आणताना पेटीवाल्याला संच विकण्यास मनाई करण्याचे कारण नाही. त्याच्या संचाला दुसऱ्याची पेटी लावली असता संच चालू होताच पडद्यावर तीच यावी, मालकाच्या जाहिरातींचे पान आधी उघडू नये, एवढी एक अट मानकात घातली तरी पुरेशी आहे.